पाचशेला पस्तीस कमी

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी कॉम्प्युटर लावला. आतून टकटक आवाज आला आणि पडदा काळाच राहिला. तिसऱ्यांदा बटण दाबल्यावर लागला. पेन्शनचा कागद छापून घेतला, बंद केला. दुपारी वायरी सोडवून डबा पिशवीत घातला आणि चौकापलीकडच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला.

त्याने झाकण काढलं, वीज जोडली आणि डॉक्टर छातीला लावतात तसा कान लावला.

"साहेब, हार्ड डिस्क चालली तुमची."

"किती दिवस?"

"वर्षही काढेल, नाहीतर तुम्ही घरी पोचेपर्यंत जाईल. हिचा भरवसा नाही. आधी आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. मग एसएसडी टाकू. तिच्यात फिरणारं काही नसतं. पेन ड्राइव्हचा थोरला भाऊ समजा. आवाज नाही, वेग दसपट."

मग म्हणाला, "डबा ठेवून जा. उद्या सगळं उतरवून देतो."

ओळख ना देख, आणि याला आतल्या मालाची एवढी काळजी. मी म्हटलं, डिस्क दाखवा. त्याने काढून हातावर ठेवली. अर्धा किलो, वर तीस-एक ग्रॅम. चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो, हाताला अजून कळतं. परत बसवायला लावली आणि डबा घरी आणला.

कॉम्प्युटर हिचा. ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन दोन महिने झाले, पण लिहिताना 'ही'च येतं. ही रोजनिशीसुद्धा दौऱ्यावरच्या सवयीने लिहितो आहे. कुणाला सादर करायची नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. डिस्कचं सांगितलं.

"बाबा, आईचं सगळं त्याच्यावर आहे."

"सगळं म्हणजे?"

"तिचं काम."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे," म्हटलं.

माहीत नाही. पण मुलीला कसं विचारायचं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तीन दिवस एसएसडी बघतो आहे. दोन दुकानं पायी केली, बाकी इंटरनेटवर, त्याच कॉम्प्युटरवर, टकटक ऐकत. स्वस्तातली आणि चांगली, एवढंच हवं आहे. निवृत्त माणसाच्या घरच्या कॉम्प्युटरला याहून जास्त लागत नाही.

एका ठिकाणी दोन हजार जीबीची आहे, आणि किंमत इतरांच्या पाचशे जीबीएवढी. खाली दोनशे लोकांनी पाच-पाच तारे दिले आहेत. तारखा बघितल्या. त्यातले एकशे साठ लोक एकाच आठवड्यात खूश झाले होते आणि चौघांनी शब्दही तेच वापरले होते. पुढे एकाने लिहिलं आहे की ती दोन हजार दाखवते, पण साठच्या पुढे भरलं की आधीचं पुसून त्यावरच लिहिते. खालून भोक पाडलेलं माप. वर भरत राहायचं आणि भरत राहायचं.

दुरुस्तीवाल्याकडे पुन्हा गेलो. त्याने दोन काढून ठेवल्या. एक जास्त स्वस्त.

"फरक काय?"

"ह्यात एका खोलीत तीन माणसं झोपवली आहेत, त्यात चार कोंबली आहेत. चारवाली स्वस्त. पण भरत आली की पायात पाय. तुम्ही तीनवाली घ्या."

"आणि खोलीत किती झोपलेत हे मी कसं तपासायचं?"

"नाही तपासता येत साहेब. कंपनी सांगते त्यावर विश्वास ठेवायचा."

"म्हणजे सीलबंद पोतं."

"सीलबंद पोतं," तो म्हणाला आणि हसला.

मी दोन्ही हातात घेऊन बघितल्या. चाळीस-चाळीस ग्रॅम. म्हटलं, ही तर पोकळ लागते. तो म्हणाला, "पोकळच असते. अर्धा डबा रिकामा." हे त्याने इतक्या सहज सांगितलं की मला जास्तच संशय आला. काही घेतलं नाही.

मी पटकन कुणावर विश्वास ठेवत नाही. हा स्वभाव नाही, धंदा आहे. सात-आठ वर्षांपूर्वी ही वाचनालयातून एक कागद घेऊन आली होती. अंध माणसांसाठी पुस्तकं वाचून, आवाज भरून द्यायचे. पैसे नाहीत. मी म्हटलं, त्यातले निम्मे डोळस निघतील. ही हसली नाही. कागदाची घडी घातली. पुन्हा तो विषय निघाला नाही. वेळेवर सांगितलेलं बरं असतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

हिचा मोबाइल मी अजून चार्ज करून ठेवतो. आज सकाळी वाजला. पुरुषाचा आवाज, माझ्याच वयाचा असावा.

"ताई आहेत का?"

"कोण बोलतंय?"

"सांगा, दादांचा फोन आहे. मला दादाच म्हणतात त्या."

"काय काम आहे?"

"काम असं नाही. पुढचं पाठवणार होत्या. फार दिवस झाले. वाट बघून बघून शेवटी फोन केला."

"पुढचं काय?"

मग म्हणाला, "तुम्ही कोण?"

"त्या घरी नाहीत," म्हणून मी फोन ठेवला.

हिला भाऊ नव्हता. एक बहीण होती, ती लहानपणीच गेली. चुलत-मावस जे आहेत त्यांना ही नावानेच हाक मारायची.

ही गेल्याचं मी त्याला सांगायला हवं होतं का, हा विचार दिवसभर येत राहिला. पण ज्याला सांगायचं तो कोण, हे कळल्याशिवाय काय सांगायचं.

९ नोव्हेंबर, रविवार

रविवार. पाऊस नाही, काम नाही. एकदा स्पष्ट लिहून टाकतो.

मी चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. घरी राहायला लागलो तेव्हा लक्षात आलं की ही रोज तीन ते पाच आतल्या खोलीचं दार लावून बसते. खिडकीही बंद. आतून हळू बोलण्याचा आवाज यायचा. एकटीचाच. मध्ये थांबायची, मग पुन्हा बोलायची. समोरचं माणूस बोलतं तेव्हा थांबतात तशी. मला वाटलं फोन. पहिल्या आठवड्यात एकदाच विचारलं, "काय करतेस?" म्हणाली, "काम." मी पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं, आणि तिने सांगितलेलं मला तपासावं लागलं असतं.

चार वाजता मी चहा करत असे. तिचा कप दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायचा आणि परत फिरायचं. दार वाजवत नसे. दाराशी थांबत नसे.

चार वर्षं. दोन तास रोज. कुठलंही नातं एवढ्या वेळात जुळतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

एसएसडी घेतली. पाचशे जीबी, तीन माणसांवाली, पाच वर्षांची हमी. दुरुस्तीवाल्याने जुनीच्या शेजारी दुसरी वायर जोडून बसवून दिली. म्हणाला, "घरी गेल्या गेल्या जुनीतलं सगळं निवडा आणि नवीत टाका. चहा पिऊन होईपर्यंत बरंचसं येईल. आज करा, साहेब." तीनदा म्हणाला. कुठल्याही दुकानदाराने घाई केली की मी सावकाश होतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी नवी डिस्क उघडली. खोक्यावर ५००. पडद्यावर ४६५.

पुन्हा बघितलं. ४६५.

पाचशेला पस्तीस कमी. शेकडा सात. किलोला सत्तर ग्रॅम कमी देणाऱ्या माणसाचा काटा मी तिथल्या तिथे जप्त करत असे. कागदावर दोन्ही आकडे लिहिले, एसएसडीचा रिकामा खोका घेतला, निघालो.

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. मी हळू बोलणारा माणूस आहे, पण आज बोललो. म्हटलं, मापात पाप आहे. पाचशे सांगून चारशे पासष्ट दिलीत. त्याने कागद वाचला. तिघेही त्याच्याकडे बघायला लागले.

"साहेब, कंपनी हजाराचा हजार धरते. कॉम्प्युटर हजार चोवीसचा हजार धरतो. माल तेवढाच आहे, मोजणारे दोन आहेत."

"एकाच वस्तूला दोन मापं?"

"हो."

"आणि हे चालतं?"

"सगळ्या जगात चालतं. तुमच्या जुनीवरही पाचशेच छापलंय. घरी जाऊन बघा किती दिसतं."

मग तो गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाला, "हे वजनमापे खात्याचे साहेब आहेत. माझ्या वडिलांच्या किराणा दुकानाचा काटा यांनीच पकडला होता. चाळीस ग्रॅमने."

मला आठवेना. इतकी दुकानं असतात.

"वडील म्हणायचे, त्या साहेबाने काटा पास केला तर देवानेसुद्धा पुन्हा मोजू नये."

गिऱ्हाइकं हसली. तोही हसला. मी हसलो नाही. घरी येऊन जुनी बघितली. ४६५.

म्हणजे तो खरं बोलला. पण ज्याच्या बापाचा काटा मी जप्त केला, त्याच्या दुकानातून मी बायकोच्या डिस्कला जोडायची वस्तू आणली आहे. माझ्या जागी दुसरा कुणी असता तरी तपासली असती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तपासणीची रीत ठरवली. काटा तपासायचा तर त्याच्यावर प्रमाणित वजन ठेवतात, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, शेवटच्या खुणेपर्यंत. वजन मात्र तेच. दर वेळी पेटीतूनच उचलायचं. वजन बदललं की तपासणीला अर्थ राहत नाही.

इथेही तेच. जुन्या डिस्कवरचा एक जड फोल्डर घ्यायचा, तोच पुन्हा पुन्हा नवीत टाकायचा, नवी तोंडापर्यंत भरेपर्यंत. आणि दर खेपेला आकडा जुळवायचा. साठनंतर आधीचं पुसत असेल तर पकडली जाईल.

जुनीवर हिचे फोल्डर बघितले. नुसती नावं. 'मुलांसाठी १', 'मुलांसाठी २', असे नऊपर्यंत. 'आजी-आजोबा'. 'फोटो'. आणि 'दादांसाठी'.

तो सगळ्यांत जड निघाला. पावणेबारा जीबी. मी उघडला नाही. पोत्याचं वजन करायला पोतं उघडावं लागत नाही.

प्रमाणित वजन म्हणून तोच घेतला. खरं लिहायचं तर, बाकीचे धोक्यात घालायचे नव्हते. हा बिघडला तरी माझं काही जाणार नव्हतं.

आज पाच खेपा झाल्या. पाचही जुळल्या. खोलीत बसून टिपण ठेवलं. टकटक चालूच होती.

१६ नोव्हेंबर, रविवार

अठरा खेपा. सगळ्या जुळल्या. आता एका खेपेला तास लागतो, पहिल्या दिवशी दहा मिनिटं लागली होती. हे टिपणात लिहिलं.

मुलीचा फोन.

"झालं का उतरवून?"

"तपासणी चालू आहे."

"कसली तपासणी?"

सांगितलं. ती ऐकून घेत होती असं मला वाटलं.

"बाबा, आधी सगळं एकदा घ्या ना त्याच्यावर. मग बसा मोजत."

"न तपासलेल्या काट्यावर माल घेत नाहीत."

"तुम्ही मिठाची पुडी घरी आणून मोजता, ठीक आहे. आई हसायची त्याला. पण हे मीठ नाही."

"मला कळतं."

"नाही कळत. तुम्ही एकदा तरी उघडून बघितलं का त्यात काय आहे?"

"मी दुसऱ्याच्या वस्तू उघडत नाही."

"दुसऱ्याच्या," ती म्हणाली. मग म्हणाली, "जेवलात का?" जेवलो होतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दुरुस्तीवाल्याचा फोन. नंबर पावतीवरून घेतला म्हणाला. "उतरलं का साहेब सगळं?" त्यालाही तपासणीचं सांगितलं.

"रोज जुनीच्या त्याच जागेवरून ओढताय? अहो, नवीतल्या नवीत नक्कल करा ना. जुनीला विसावा द्या."

"नवीतली नक्कल ही नवीचीच साक्ष. आरोपीला स्वतःचा साक्षीदार करत नाहीत."

"आज एकदा बाकीचं घ्या," म्हणाला. "माझं ऐका. वडिलांची शपथ घेऊ का?"

वडिलांचं नाव कशाला काढलं ते कळलं नाही. सत्तावीस खेपा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

तेहेतीस खेपा पूर्ण, जुळल्या. चौतिसावी निम्म्यावर असताना टकटक थांबली. मग एकदा मोठी झाली, मग पूर्ण थांबली. जुनी डिस्क दिसत नाही.

तीनदा बंद-चालू केलं. नंतर केलं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

डबा घेऊन दुकानात गेलो. आज कुणी नव्हतं. त्याने डिस्क काढली, दुसऱ्या यंत्राला लावली, कान लावला. दुसरी वायर लावली. अर्धा तास खटपट केली. मी त्याच्या हातांकडे बघत होतो. खोटं करणारा माणूस मध्ये एकदा तरी तुमच्याकडे बघतो. त्याने बघितलं नाही.

"गेली," तो म्हणाला. "मोठ्या शहरात उघडून बघणारे आहेत. पण ही आतून घासली गेली आहे, आवाजावरून कळतं. मी आशा लावणार नाही."

"बरं."

"काय काय उतरलं होतं?"

"एक फोल्डर."

"एकच?"

"तेहेतीस वेळा."

त्याने डिस्क फडक्याने पुसली, पुसण्यासारखं काही नसताना. "वडील असते तर हसले असते, साहेब. पोट धरून हसले असते." मग डिस्क कागदात गुंडाळून दिली. पैसे घेतले नाहीत. मी टेबलावर ठेवू लागलो तर म्हणाला, "राहू द्या. नवी बरोबर निघाली ना?"

"तेहेतिसाव्यापर्यंत बरोबर."

"मग झालं."

२२ नोव्हेंबर, शनिवार

मुलीला सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं.

ओरडली नाही. म्हणाली, "फोटो माझ्याकडे आहेत बरेच. पण आईचा आवाज गेला, बाबा."

"कशातला आवाज?"

"सगळ्यातला. आई चार वर्षं काय करत होती दुपारी? तुम्हाला माहीत आहे म्हणालात."

"सांग."

"पुस्तकं वाचायची. अंध मुलांसाठी. तुम्ही निवृत्त होऊन घरी आलात तेव्हा मी म्हटलं होतं, सांगून टाक त्यांना. ती म्हणाली, नको, ते चौकशीला जातील. खरंच किती अंध आहेत मोजायला."

मी गेलो असतो.

"आणि तो फोल्डर कोणता राहिला?" तिने विचारलं. नाव सांगितलं. तिलाही माहीत नव्हतं दादा कोण.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल धीर झाला नाही. आज दुपारी तीन वाजता, दुरुस्तीवाल्याने तात्पुरत्या दिलेल्या लॅपटॉपला नवी डिस्क जोडून, तो फोल्डर उघडला.

चोवीस फायली. 'प्रकरण १' पासून. लावली. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग ही म्हणाली, "प्रकरण पहिलं." आणि वाचायला लागली. कुठल्या तरी बाईची गोष्ट आहे, घर सोडून बोटीने निघालेली. ही इतकं सावकाश आणि स्वच्छ बोलते हे मला माहीत नव्हतं. माझ्याशी बोलताना शब्द गिळायची.

सवयीने पहिली नक्कल, सतरावी नक्कल आणि तेहेतिसावी नक्कल एकाच जागेवर लावून बघितली. तिन्हींत तेच. फरक नाही.

विसाव्या की एकविसाव्या मिनिटाला लांबून एक आवाज येतो. कपाची बशी स्टुलाला लागल्याचा. ही वाचताना थांबते, एक श्वास घेते, आणि तेच वाक्य पहिल्यापासून म्हणते. दुसऱ्या प्रकरणातही. पाचव्यातही. समोरचं माणूस बोलतं म्हणून थांबते असं मी समजत होतो.

दहाव्या प्रकरणात ती म्हणते, "थांबा हं दादा, आमचा चहा आला. दार वाजवत नाहीत हे. चपला काढून येतात, म्हणजे मला कळू नये. पण बशी ठेवतात ती जोरात." आणि हसते. मग दार उघडल्याचा आवाज, मग गार होऊ नये म्हणून भुरकून प्यायल्याचा आवाज, तोही तसाच ठेवला आहे. मग पुढची ओळ.

नऊ तारखेला मी लिहिलं आहे की दाराशी थांबत नसे. थांबत असे. रोजनिशीत चुकीची नोंद राहू नये म्हणून लिहितो. चपला त्यासाठीच काढत होतो.

चोविसावं प्रकरण आठ ऑगस्टचं आहे. त्यात दम लागलेला कळतो. शेवटी म्हणते, "उरलेली तीन पुढच्या आठवड्यात हं."

२६ नोव्हेंबर, बुधवार

हिच्या मोबाइलवरून त्या दादांना फोन लावला. ही गेल्याचं सांगितलं. तिकडे कुठे तरी लाकडावर काही आपटत होतं, ते थांबलं.

"खरंच गेल्या?" ते म्हणाले. "की माझा कंटाळा आला त्यांना? तसं असेल तर सरळ सांगा. मला राग नाही यायचा."

एवढा संशयी माणूस मला आवडला.

"खरंच गेली. नऊ सप्टेंबरला."

"हं." आपटणं पुन्हा सुरू झालं. "मी खुर्च्यांचे वेत विणतो. हात कामात, कान रिकामे. अंधांसाठी पुस्तकं भरून घेणाऱ्या केंद्राच्या यादीत माझं पुस्तक नव्हतं. ताई म्हणाल्या, मी वाचते तुमच्यासाठी वेगळं. मेमरी कार्डावर भरून डाकेने पाठवायच्या. बावीस प्रकरणं आली."

"चोवीस आहेत. दोन पाठवतो."

"तुम्ही चहावाले का?"

"हो."

"म्हणजे साहेब. ताई ते चहाचे तुकडे कापून टाकणार होत्या. मी म्हटलं, राहू द्या. एकट्या माणसाला तेवढीच घराची चाहूल. माझा दिवस त्या बशीवर लागायचा, चार वाजले म्हणायचो."

विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं. "तुम्हाला अजिबात दिसत नाही?"

"उजेड आणि अंधार कळतो. बाकी आमच्यातले निम्मे डोळसच." ते हसले. "ताईच सांगायच्या. आमचे साहेब असं म्हणतात म्हणून."

मग डिस्कचं सांगितलं, मुलांची नऊ पुस्तकं गेल्याचंही.

"ती नाही गेली. केंद्रात असतील सगळी. तिथून मागून घ्या. फक्त त्यात तुम्ही नसाल. मुलांसाठीचं ताई सगळं कापून, साफ करून द्यायच्या. खोकला नाही, बशी नाही. आम्हाला तेवढं कच्चं मिळालं."

फोन ठेवता ठेवता म्हणाले, "ती बाई घरी परत जाते का हो शेवटी? पुस्तक असेल ना तुमच्याकडे?"

"असेल. पण मी गोष्टी वाचत नाही."

"मग बघून तेवढं सांगा."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मुलीला केंद्राचं आणि बशीच्या आवाजाचं सांगितलं. ती रडली. मी थांबलो. मग म्हणाली, "चहाचं ते मलाही पाठवा." एक नक्कल कार्डावर भरून तिला पोस्टाने टाकली, प्रकरण तेवीस आणि चोवीस दादांना. दोन्ही कार्डं लावून तपासली. एकदाच.

२९ नोव्हेंबर, शनिवार

दुरुस्तीवाला घरी येऊन गेला. नव्या एसएसडीवर सगळं बसवलं, झाकण लावलं, चार स्क्रू आवळले. कॉम्प्युटर बटण दाबताच लागतो. आवाज अजिबात नाही. बघून कळतं, ऐकून कळत नाही. त्याने विचारलं, नक्कला पुसू का, जागा मोकळी होईल. अर्धवट राहिलेली आणि एकतीस पुसल्या. पहिली आणि तेहेतिसावी ठेवायला सांगितली. "दोन कशाला?" म्हणाला. मग म्हणाला, "बरोबर आहे, दोन असू द्या." त्याला चहा दिला. जाताना म्हणाला, वडिलांचा तो काटा अजून घरी आहे, चाळीस ग्रॅमसकट. कधी येऊन बघा.

पुस्तक हिच्या टेबलाच्या खणात सापडलं. पंचविसाव्या प्रकरणात वाचनालयाचा तो कागद घडी घालून खुणेला ठेवला आहे.

दुरुस्तीवाला गेल्यावर माळ्यावरून माझा जुना काटा काढला. पुसला, शून्यावर आणला, जुनी डिस्क ठेवली. पाचशे तीस ग्रॅम. पहिल्या दिवशी हातावर घेतली होती तेव्हा आत सगळं होतं, तेव्हाही एवढीच होती. डिस्क उचलली. काटा शून्यावर आला.

चार वाजले. एक कप चहा केला आणि तो घेऊन आतल्या खोलीत गेलो. कप टेबलावर हळू ठेवला, पुस्तक खुणेवर उघडलं, उठून खिडकी बंद केली आणि दार लावून घेतलं.